सालबर्डीची वाट आणि उपवासाची शिदोरी

माघ वद्य चतुर्दशी जवळ येऊ लागली, की मोर्शीच्या बाजाराचे रूप पालटते. मृग बहाराच्या संत्र्यांचे ढीग तर या दिवसांत असतातच. त्यांच्या शेजारी बेलपत्रांच्या जुड्या, कवठे, बोरे, रताळी आणि भगरीची पोती येऊन बसतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर असलेल्या सालबर्डीच्या महादेवाकडे निघणाऱ्या भाविकांची ही तयारी असते. माडू नदी, भोवतीचा डोंगर आणि त्या डोंगराच्या गुहेत विराजमान झालेला शंभू, असे हे स्थान. वऱ्हाडातून जसे लोक येतात, तसेच पलीकडच्या बैतूल जिल्ह्यातूनही येतात. महानुभाव पंथाच्या परंपरेत श्रीचक्रधरस्वामींच्या तपाचे स्थान म्हणूनही सालबर्डीचे नाव आदराने घेतले जाते, आणि गोविंदप्रभूंचे रिद्धपूर याच मोर्शी तालुक्यात आहे. अशा पुण्यभूमीतील माणसास उपवास म्हणजे काय, हे नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही.

तथापि गेल्या काही वर्षांत या शिदोरीत जो पालट झाला आहे, तो विचार करावयास लावणारा आहे. पूर्वी फडक्यात बांधलेली उकडलेली रताळी, भाजलेले दाणे, गुळाचा खडा आणि चार केळी घेऊन माणसे डोंगर चढत. आज पिशवीत बटाट्याच्या तळलेल्या कापांची पाकिटे असतात, 'उपवासाचा' असे छापलेला तयार चिवडा असतो, गोड पेयांच्या बाटल्या असतात आणि साखरेच्या पाकातली तयार मिठाई असते. ते सोयीचे आहे, यात शंका नाही. पहाटे चारला उठून घरातील पाच-सहा माणसांची शिदोरी करणाऱ्या गृहिणीस कोणी दोष देऊ नये, आणि आम्हीही देत नाही. प्रश्न एवढाच, की ज्या दिवशी देहास हलके करून मन शिवचरणी लावावयाचे, त्या दिवशी आपण देहावर नित्यापेक्षा अधिक ओझे तर घालीत नाही ना?

उपवास या शब्दातच त्याचे मर्म आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. देवाच्या सन्निध राहणे हा हेतू, अन्न कमी करणे हे त्याचे साधन. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद सांगितले आहेत. अतिखारट, अतितिखट आणि दाह करणारे अन्न तेथे राजसात गणले आहे, तर शिजवून बराच काळ लोटलेल्या, रस गेलेल्या अन्नास तामसात टाकले आहे. महिनोन्महिने पाकिटात राहिलेल्या खारट-तिखट कापांना या मापाने कोठे बसवावे, हे वाचकांनीच ठरवावे. सहाव्या अध्यायात तर योग हा अतिशय खाणाऱ्यालाही साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे देह कष्टविणे हे व्रत नव्हे, तसे देह लाडाविणे हेही व्रत नव्हे.

साबुदाणा आला कोठून?

या ठिकाणी कोणी म्हणेल, 'पाकिटे वाईट हे मान्य. पण साबुदाण्याची उसळ तर आपली पूर्वापार आहे ना?' याचे उत्तर मौजेचे आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो टॅपिओका हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर तो भारतात आला. त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या राजवटीत दुष्काळात प्रजेच्या पोटाला आधार व्हावा म्हणून त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. त्याआधी जो 'सागो' येथे येत असे, तो पूर्वेकडील बेटांतील एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातील पिठापासून केलेला असे, आणि 'साबू' हा शब्दही त्या मलायी 'सागू'वरूनच आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल बंद पडला, तेव्हा १९४० नंतरच्या त्या दशकात तामिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या पिठापासून साबुदाणा करण्याचे कारखाने वाढले. पुढे १९८१ साली तेथील उत्पादकांची सहकारी संस्थाही उभी राहिली. आज आपल्या वाणसामानात येणारा साबुदाणा बहुतांशी तिकडचाच असतो.

म्हणजे साबुदाणा हाही एका अर्थी कारखान्यात झालेला, सोयीचा पदार्थच ठरतो. तो भिजत घातला की झाले. निवडणे नाही, दळणे नाही. म्हणूनच तो घरोघरी रूढ झाला. परदेशातून आला म्हणून तो वर्ज्य, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणावे तर बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि आपण ज्यास परम पवित्र मानतो तो राजगिऱ्याचा दाणा, ही सारीच अमेरिका खंडाची देणगी आहे. आपल्या पूर्वजांनी ती तपासून घेतली आणि धान्य नव्हे म्हणून उपवासास चालविली. व्रताने नव्यास कधीच दार बंद केले नव्हते. ज्या विवेकाने त्यांनी नवे पदार्थ स्वीकारले, त्याच विवेकाने आज आपण आपले ताट पाहिले, तर त्यात परंपरेचा भंग नाही. उलट ती परंपराच आहे.

ताटाचा हिशेब

आता तो विवेक अंकांत मांडून पाहू. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी उष्मांक असतात, परंतु प्रथिने एक ग्रॅमही नसतात. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याने पोट भरते, रक्तातील साखर झपाट्याने चढते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. उसळीत जे काही पोषण असते, ते बहुतेक त्यातल्या दाण्याच्या कुटाचे असते, कारण शेंगदाण्यात शेकडा सुमारे २५ भाग प्रथिने असतात. बटाट्याच्या तळलेल्या कापांत शेकडा ३० ते ३५ भाग तेल असते. म्हणजे लहान मूल हातात धरून संपविते, त्या तीस ग्रॅमच्या पाकिटातून सुमारे दोन चहाचे चमचे तेल पोटात जाते, आणि वर मीठ. थोरामोठ्यांच्या पोटात दिवसभरात ५ ग्रॅमहून अधिक मीठ जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. उपवासाच्या चिवड्याने आणि कापांनी ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाण्याचा संभव असतो.

दुसऱ्या बाजूस राजगिऱ्यात शेकडा १३ ते १४ भाग प्रथिने असतात, आणि चुना व लोह हेही चांगल्या प्रमाणात असतात. उकडलेल्या रताळ्यात पाणी व चोथा अधिक असल्याने त्याचे उष्मांक साबुदाण्याच्या मानाने पुष्कळच कमी. भगर ही तर सावा, वरई, कुटकी या आपल्या मातीतल्या बारीक तृणधान्यांतून निघते. मोर्शीपासून दूर नसलेल्या मेळघाटात कोरकू शेतकरी कुटकी आणि कोदो पिढ्यान्‌पिढ्या पिकवीत आले आहेत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष तृणधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा साऱ्या जगाने ज्या धान्याकडे वळून पाहिले, ते आपल्या देवघराशेजारच्या डब्यात आधीपासूनच होते. शिंगाडा हाही येथलाच. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांतून तो विदर्भाच्या बाजारात येतो. कवठ आणि बेल तर महादेवाचीच फळे.

आमच्या घरचा प्रयोग

हा विचार आम्ही नुसता कागदावर ठेविला नाही. दोन महाशिवरात्रींना तो आमच्या घरी करून पाहिला. त्यास निमित्त झाले आमचे बाबूजी. वय पंचाहत्तरीच्या पुढे, दहा वर्षांचा मधुमेह, आणि सालबर्डीचा नेम मात्र तरुणपणापासूनचा. डॉक्टरांनी उपवास सोडण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्यांचे उत्तर ठरलेले होते, 'गोळी घेईन म्या, पण महादेवाचा उपास काई सोडत नाई.' अशा माणसाशी वाद घालणे व्यर्थ, आणि खरे सांगावयाचे तर योग्यही नाही. ज्या श्रद्धेने एक माणूस आयुष्यभर उभा राहिला, ती त्याच्या उतारवयात काढून घेण्याचा अधिकार मुलांना नसतो. मग मार्ग एकच उरतो. व्रत तेच ठेवावे, ताट बदलावे. डॉक्टरांपुढे आम्ही काय-काय करणार त्याची यादी ठेविली, त्यांनी गोळीची वेळ आणि मात्रा त्याप्रमाणे ठरवून दिली, आणि मगच आम्ही पुढे गेलो.

प्रथम साबुदाण्याच्या उसळीच्या जागी भगर आली. एक वाटी भगर निवडून, धुऊन, निथळून घ्यावी. एक चमचा शेंगदाणा तेलात जिरे आणि हिरवी मिरची टाकून त्यावर लाल भोपळ्याच्या बारीक फोडी परताव्यात, भगर घालून दोन मिनिटे परतावी आणि तीन वाट्या कढत पाणी घालून मंद आचेवर पंधरा मिनिटे वाफवावी. उतरविताना चार चमचे दाण्याचा जाडसर कूट आणि मूठभर ओले खोबरे घालावे. ज्या घरी उपवासास भोपळा चालत नाही, त्यांनी रताळ्याच्या फोडी घ्याव्यात. ज्या घरी तेल चालत नाही, त्यांनी तूप घ्यावे. घरोघरचा आचार निराळा असतो आणि तो ज्याने-त्याने पाळावा. बरोबर आमसुलाची दाण्याची आमटी. हा पालट बाबूजींना पहिल्याच दिवशी रुचला, कारण त्यांच्या लहानपणी भगर-आमटी हेच उपवासाचे जेवण होते. घरी साखर मोजण्याच्या यंत्रावर दोन तासांनी पाहिले, तेव्हा आकडा मागील वर्षीच्या उसळीनंतरच्या आकड्याहून बराच खाली होता. एका घरचा अनुभव हा सर्वांस नियम होत नाही, हे खरे. पण त्या दिवशी आमच्या घरी समाधान मोठे झाले.

मुलांचा प्रश्न निराळा होता. त्यांना पाकीट फोडल्याचा आवाज आणि कुरकुरीतपणा हवा असतो. रताळ्याचे पातळ काप प्रथम पाच मिनिटे वाफवून, कोरडे करून, तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस केले आणि सैंधव, जिरेपूड, किंचित तिखट भुरभुरविले. ते गरम असेतो मुलांनी आवडीने खाल्ले, पण डोंगरावर नेल्यावर मऊ पडले, हेही सांगितले पाहिजे. म्हणून दुसऱ्या वर्षी वाटेसाठी मखाणे घेतले. मंद आचेवर कोरडेच दहा मिनिटे भाजले, अर्धा चमचा तुपात सैंधव आणि मिरपूड घालून घोळविले आणि घट्ट डब्यात भरले. ते संध्याकाळपर्यंत कुरकुरीत राहिले. भाजलेल्या दाण्यांची पुरचुंडी तर होतीच.

तयार मिठाईच्या जागी लाडू केले. राजगिऱ्याच्या दोन वाट्या लाह्या, एक वाटी दाण्याचा जाडसर कूट आणि एक वाटी बिया काढून कुटलेला खजूर एकत्र मळून पंधरा-सोळा लाडू वळले. साखर नाही, पाक नाही, तूप हातास लावण्यापुरते. येथे एक सावधगिरी मुद्दाम सांगतो. राजगिरा पौष्टिक खरा, पण त्याच्या लाह्या फार लवकर पचतात आणि साखर वाढवितात. खजूर तर गोडच. म्हणून मधुमेही माणसाने अर्ध्या लाडवावर थांबावे आणि तोही दाण्यांबरोबर खावा. 'उपवासाचे आहे, चालते' ही समजूतच पुष्कळदा घात करते.

ज्यांना दूध सोसत नाही, त्यांच्यासाठी नारळाच्या दुधात भगरीची खीर होते. अर्धी वाटी भगर तीन वाट्या पाण्यात मऊ शिजवून, खाली उतरविल्यावर एक वाटी नारळाचे दूध, थोडा गूळ आणि वेलची घालावी. नारळाचे दूध घातल्यावर उकळी आणू नये, म्हणजे ते फुटत नाही. शिवास अभिषेक गाईच्या दुधाचाच होईल, त्यात आमचे काही म्हणणे नाही. पण घरात एखाद्याच्या पोटास दूध मानवत नसेल, तर त्याने उपाशी राहावे असे कोणते शास्त्र सांगते?

आणि कवठाची चटणी! महाशिवरात्रीस ती नसेल तर ताट अपुरे. पिकल्या कवठाचा गर, त्याच्या निम्म्याने गूळ, भाजलेले जिरे, सैंधव आणि चवीपुरते तिखट वाटून घ्यावे. बाजारच्या कोणत्याही सॉसने हिच्यापुढे उभे राहू नये.

संत्र्याच्या गावात बाटलीतला रस

मोर्शी-वरुडचा हा पट्टा संत्र्याचा. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. झाडांना उन्हाळ्यात ताण देऊन मृगाच्या पावसावर फुलविलेला बहर फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतो, म्हणजे नेमका महाशिवरात्रीच्या सुमारास. अशा वेळी यात्रेकरूंच्या हाती संत्र्याचे चित्र छापलेली बाटली दिसावी, यासारखा विपर्यास नाही. 'फळपेय' म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रव्यात फळाचा रस शेकडा १० भाग असला तरी नियमास पुरतो. उरलेले पाणी, साखर, रंग आणि वास. त्याच पैशांत दोन संत्री येतात. त्यांच्यात रस आहे, क जीवनसत्त्व आहे, चोथा आहे, आणि ज्याच्या बागेतून ती आली त्या शेतकऱ्याच्या घरी चार पैसेही जातात. संत्रे रस काढून पिण्यापेक्षा फोडी करून खाल्लेले बरे. चोथ्यामुळे साखर हळूहळू चढते. उन्हात डोंगर उतरून आल्यावर बेलफळाच्या गराचे, गूळ घातलेले सरबत घ्यावे. बेलाचे पान देवाला आणि फळ भक्ताला, अशी ही वाटणी आहे.

भगर घेताना सावध

भगरीची एवढी स्तुती केल्यावर तिचा दोष लपविणे अयोग्य होईल. भगर ओलावा चटकन धरते, आणि ओल धरलेल्या भगरीवर बुरशी वाढली तर विषबाधा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे सप्ताहातील भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो भाविकांची प्रकृती बिघडली, आणि झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगण्याची पाळी आली. आपल्याच वऱ्हाडातील ही घटना. तेव्हा भगर सुटी, उघड्या पोत्यातली घेऊ नये. बंद पुडीतली, तारीख पाहून घ्यावी. घरी आणल्यावर निवडून, स्वच्छ धुऊन घ्यावी. तिचे पीठ विकत घेऊ नये व दळून साठवूही नये. लागेल तेवढेच दळावे. शिजविलेली भगर त्याच वेळी खावी. सकाळची संध्याकाळी आणि आजची उद्या ठेवू नये. पंक्तीसाठी मोठ्या प्रमाणावर शिजविणाऱ्या मंडळांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तेथे एका पातेल्यावर साऱ्या गावाचा विश्वास असतो. शेंगदाणेही काळे पडलेले, सुरकुतलेले, कडवट असे वेचून टाकून द्यावेत. बुरशीचे विष त्यांतही असते.

पाकीट घ्यावेच लागले तर

प्रत्येक घरी सर्व काही करणे शक्य नसते, हे आम्ही जाणतो. नोकरी करणारी सून, एकटे राहणारे वृद्ध जोडपे, परगावी शिकणारा मुलगा, यांना पाकीट घ्यावेच लागते. त्यांनी निदान ते वाचून घ्यावे. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. ही पद्धत आपल्या देशात २००१ पासून आहे. 'उपवासाचे' या मोठ्या अक्षरांवर न विसंबता प्रथम हा ठिपका पाहावा. नंतर घटकांची यादी पाहावी. यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीन नावांत साखर आणि तेल असतील, तर ते पाकीट परत ठेवावे. साधे भाजलेले मखाणे, खारीक, सुकी अंजिरे, भाजलेले दाणे यांची पाकिटेही मिळतातच. सोय आणि व्रत ही दोन्ही त्यांत साधतात.

पारण्यानंतरचे दिवस

उपवास एक दिवसाचा. त्याची शिकवण मात्र वर्षाची व्हावी. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया आल्या आणि आज त्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या आहेत. त्या मुलांच्या आवडीच्या आहेत, म्हणून नुसते 'खाऊ नको' म्हणून भागत नाही. वऱ्हाडात उन्हाळ्यात गच्चीवर वाळविलेल्या गव्हाच्या शेवया असतातच. त्या कोरड्याच भाजून, गाजर, मटार, कोबी परतून त्यात शिजवाव्यात आणि वर लिंबू पिळावे. मसाल्याच्या पुडीऐवजी धने-जिरे-मिरपूड घरीच दळून ठेवावी. आमच्या घरी पहिल्या खेपेस मुलांनी नाके मुरडली, दुसऱ्या खेपेस मसाला वाढविला तेव्हा ताटल्या रिकाम्या झाल्या. बिस्किटांच्या जागी ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, फुटाणे आणि गूळ-दाणे. तयार चटण्यांच्या जागी जवसाची चटणी. यांतले काहीही नवे नाही. फक्त ते डब्यात भरून, हाताशी ठेविले पाहिजे. भूक लागलेले मूल जे समोर दिसते ते खाते, एवढा साधा नियम लक्षात ठेविला तरी पुष्कळ काम होते.

आणखी एक गोष्ट उरते, ती रिकाम्या पाकिटांची. यात्रा सरल्यावर नदीकाठी आणि डोंगराच्या पायऱ्यांवर जे पडून राहते, ते काही बेलपत्र नसते. आपला हा अमरावती जिल्हा गाडगेबाबांचा. देव भेटण्याआधी देवाच्या वाटेवरचा केर काढावा, हे त्यांनी हाती खराटा घेऊन आयुष्यभर शिकविले. यात्रांतील पशुहत्येविरुद्धही त्यांनी गावोगाव कीर्तने केली. याच जिल्ह्यातील यावलीत जन्मलेल्या आणि मोझरीस गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्यास स्वतंत्र अध्याय दिला. भक्ती आणि आरोग्य या दोन वस्तू वेगळ्या नाहीत, हा या दोघा संतांच्या चरित्राचा अर्थ आहे. फडक्यात बांधलेली शिदोरी मागे काही ठेवीत नाही. केळीचे साल आणि रताळ्याची टरफले मातीत मिसळतात, फडके धुऊन पुन्हा वापरता येते.

येत्या शिवरात्रीस सारे ताट एकदम पालटावे, असा आमचा आग्रह नाही. एखाद्या घरी साबुदाणा असेल, तर तो अर्धा करून त्यात दाण्याचा कूट वाढवावा. एखाद्या घरी पाकिटे येत असतील, तर त्यांतील एकाच्या जागी रताळी यावीत. वडिलांना मधुमेह असेल, तर सणाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे, म्हणजे आदल्या रात्री घरात तंटा होणार नाही. एवढे केले तरी व्रत शुद्ध राहील, घरची वडील मंडळी सुखरूप डोंगर चढून उतरतील, आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या नातवंडांस शिदोरीची चव आणि देवाची वाट, दोन्ही एकाच वेळी कळतील.

श्रीसालबर्डीचा महादेव सर्व भाविकांस आरोग्य आणि सद्बुद्धी देवो. हर हर महादेव!